पाणी घातलेला आकडा

"मिस उकिडवे, तुमच्या आकड्यात एक शून्य कमी पडलंय."

केळवकर साहेबांनी माझा तक्ता टेबलावर पसरला आणि लाल पेन्सिलीचं टोक एका चौकटीवर टेकवलं. त्या चौकटीत मी एक लिहिला होता. साहेबांच्या मते तिथे दहा असायला हवे होते.

"कमी पडलेलं नाही, सर. मी मुद्दाम एक घेतलाय."

"मुद्दाम?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फेब्रुवारीत मी स्वतः सड्यावर जाऊन सहा ठिकाणी जमिनीची वाहकता मोजली. सहाही ठिकाणी दहाच्या आसपास आलं. आणि तुम्ही मुंबईत पंख्याखाली बसून एक घेता?"

"तो जांभ्याचा सडा आहे, सर. जांभ्याला दहा कुठेच येत नाहीत. मी सगळे जुने अहवाल पाहिले."

"मोजलेल्या आकड्याशी हुज्जत घालायची नसते. शुक्रवारपर्यंत तक्ता दुरुस्त करा आणि सही करून द्या."

ही एक्याऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी रेडिओ खात्यात लागून सात महिने झाले होते. परिवीक्षेचे, म्हणजे प्रोबेशनचे, पाच उरले होते. आमच्या शाखेतली मी पहिली मुलगी. त्यामुळे माझ्या तक्त्यांवरून इतरांपेक्षा एकदा जास्त नजर फिरवली जाई, आणि त्याची मला सवय झाली होती.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, कोतळी नावाच्या गावी, मच्छीमारांसाठी एक रेडिओ केंद्र उभारायचं होतं. वादळाची सूचना आली की तिथून ती मराठीत सांगायची आणि सत्तर मैलांपर्यंत समुद्रात असलेल्या प्रत्येक बोटीला ती ऐकू जायला हवी, एवढंच त्या केंद्राचं काम. केळवकर त्यासाठी सात वर्षं झगडले होते. चौऱ्याहत्तरच्या वादळात त्या किनाऱ्यावरचे एकेचाळीस खलाशी परतले नव्हते. ती यादी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असे. काचेवर चहाचा कप ठेवताना ते ती जागा वगळून ठेवत.

माझं काम होतं गणिताचं. मनोऱ्यापासून निघालेली लाट जमिनीला घासत पुढे जाते. जमीन आदर्श वाहक असती तर हिशेब दोन ओळींत संपला असता. पण तशी जमीन फक्त पाठ्यपुस्तकात असते. खरी जमीन त्या लाटेतला काही भाग गिळते. ओली, खारट जमीन थोडा गिळते, समुद्र तर जवळजवळ काहीच गिळत नाही. कोरडा कातळ मात्र अधाशासारखा गिळतो. कोतळीचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, किनाऱ्यापासून नऊ किलोमीटर आत होता. म्हणजे लाटेला समुद्र गाठण्याआधी नऊ किलोमीटर कातळ पार करायचा होता. त्या कातळाची वाहकता दहा धरली तर आवाज सत्तर मैलांपर्यंत स्वच्छ पोचत होता. एक धरली तर समुद्रातलं क्षेत्र जेमतेम एक पंचमांश उरत होतं आणि पस्तीस मैलांपुढे विजांच्या खरखरीत शब्द बुडून जात होते.

"सर, मला दोन दिवस सड्यावर जाऊ द्या. मी मोजून येते. दहा आले तर तिथेच सही करते."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "जा. काजूचे दिवस आहेत. बोंडं खाऊन या."

मी जाते आहे हे कोतळीला कोणी कळवलं नाही. मीही कळवलं नाही. त्यामागे काही हेतू होता असं मी म्हणणार नाही. तार करायचं राहून गेलं, इतकंच.

*

सड्यावर सावली नव्हती. काळपट तांबडा कातळ क्षितिजापर्यंत पसरला होता आणि त्यावरून चालताना चपलेतून चटका लागत होता. जागेवर राखण करायला सखाराम घवाळी नावाचा पन्नाशीचा माणूस होता. अकरा वर्षं खात्यात रोजंदारीवर होता आणि त्याला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच उन्हाळ्यात वर गेला होता. मी एसटीतून उतरून, पेटी उचलून चढ चढताना दिसले तसा तो धावतच खाली आला.

"बाईसाहेब, एकट्या? आनि जीप?"

"जीप साहेबांना असते. पहार आहे का तुमच्याकडे?"

जमिनीत चार खुंट्या एका रांगेत ठोकायच्या, त्यांना तारा जोडायच्या आणि पेटीची मूठ गरगरा फिरवायची. पेटीवरचा काटा सांगतो, जमीन वीज किती अडवते ते. खुंटी ठोकायची म्हटलं तर कातळ हातोडी परतवून लावत होता. सखारामनं पहारेनं भोकं पाडून दिली. मी मूठ फिरवली. काटा पार वरच्या टोकाला जाऊन बसला, म्हणजे वाहकता जेमतेम एक. शंभर पावलं पुढे गेलो, पुन्हा ठोकलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी तर एकसुद्धा येईना.

सखाराम कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याला राहवेना.

"बाईसाहेब, तुमी भलतीकडंच मोजताय. खुणा तिकडं हायत." त्यानं बोट दाखवलं. दूर कातळावर चुन्याची एक पांढुरकी चौकट दिसत होती. साहेब येण्याआधी सर्वेक्षणवाल्यांनी अशा सहा चौकटी आखल्या होत्या.

"जमीन सगळीकडे तीच ना? इथे मोजलं काय, तिथे मोजलं काय."

"तसं कसं? आनि आज तुमास्नी ब्येस यायचं न्हाय. तुमी कळवलंत न्हाय ना. कळवलं असतंत तर तयारी करून ठेवली असती."

मूठ फिरवता फिरवता माझा हात थांबला.

"कसली तयारी?"

"मोजणीची!" इतकी साधी गोष्ट मला कशी ठाऊक नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "साहेब यायच्या आदी आठ दिस पानी घालीत होतो मी. साही खुनांवर. खालच्या पऱ्यावरनं कावडीनं आनायचं. म्हाताऱ्या मानसाच्या दिसाला वीस खेपा व्हायच्या. आनि मीठ. मिठाची चार पोती जावयानं दिली, मासळी खारवायची असतात ती. साळेतला वायरमन सांगून ऱ्हायलेला, अर्थिंगचं काम मीठपान्याबिगर पास व्हत न्हाय. साहेबांनी मूठ फिरवली नि काय खूश झाले म्हनता! म्हनाले, सखाराम, ब्येस जमीन हाय तुजी."

मी कातळावर बसले. चटका बसला तरी उठले नाही.

आपल्याकडे घरोघर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतात. उन्हाळ्यात तर रोज घालतात. आणि साहेब तपासणीला यायचे म्हटलं की शाळेच्या भिंतींना चुना लागतो, दवाखान्यातल्या चादरी बदलतात, रस्त्यावरचे खड्डे बुजतात. सखारामनं या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या, आणि जीव तोडून केल्या होत्या. त्याच्या लेखी जमिनीची ती परीक्षा होती आणि जमीन नापास झाली असती तर केंद्र दुसऱ्या गावाला गेलं असतं.

"बाईसाहेब, काय चुकलं का माजं?"

"तुमचा जावई कुठे असतो?"

"दर्यात. ट्रॉलरवर तांडेल हाय तो, बोट त्योच हाकतो. साठ मैल, सत्तर मैल जातात आता. म्हनून तर म्हनतोय, ह्ये केंद्र हितंच व्हायला पायजेल."

मी त्याला सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. कोरडी जमीन पाणी पिते तशी ही लाटही पिते. चौकटीत तुम्ही पाणी घातलंत, पण चौकटीच्या बाहेर समुद्रापर्यंत सगळा कोरडाच आहे. इथे मनोरा उभा राहिला तर वैशाखात इथून बोललेलं तुमच्या जावयाला साठ मैलांवर ऐकू जाणार नाही.

त्यानं पहारेनं खाली खाडीकडे दाखवलं.

"खालचं खाजन चालंल?" त्यानं एकदम विचारलं. खाजण म्हणजे खाडीलगतची, भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन.

"उत्तम चालेल. पण साहेबांना ती सखल जागा पसंत नाही. मनोरा उंचावर हवा असं सगळ्यांनाच वाटतं."

"मग ल्हिवा." तो म्हणाला. "माजं नाव ल्हिवा. सखाराम घवाळीनं पानी घातलं म्हनून मोजनी चुकली."

"लिहिलं तर तुम्हाला काढतील."

"काढतील." त्यानं मान हलवली. "अकरा वर्सं झाली बाईसाहेब."

"मी लिहिणार नाही. आणि तुम्हीही कुणाला बोलायचं नाही. शपथ घ्या."

"मंग साहेबांना काय सांगनार?"

"खरं तेवढंच सांगेन. जमिनीचा आकडा एक आहे."

*

"कारण?" केळवकरांनी विचारलं.

"कारण सांगता येणार नाही, सर. मोजणी पुन्हा करावी एवढीच विनंती आहे."

"तुम्ही बारा खुंट्या ठोकल्या. मी चोवीस ठोकल्या होत्या. तुमच्या बारा खऱ्या आणि माझ्या चोवीस खोट्या?"

"हो."

शेजारच्या टेबलावर टंकलेखन चाललं होतं. ते थांबलं. केळवकर उठले, दार लोटून आले आणि बसले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"बसा. मी तुम्हाला धमकावत नाही, समजावतो. सड्याची जागा मंजूर आहे. बारा मेला मुख्य अभियंता नारळ फोडायला येताहेत. आता जागा बदला म्हटलं की फाइल पुन्हा पहिल्या पायरीवर जाईल. ती परत वर यायला आणखी सात वर्षं लागतील, किंवा केंद्रच तिसऱ्या राज्यात जाईल. धरून चाला की तुमचं गणित बरोबर आहे. तरी पस्तीस मैलांपर्यंत ऐकू जाईल ना? काहीच नसण्यापेक्षा पस्तीस मैल बरे नाहीत?"

हा प्रश्न मी परतीच्या एसटीत स्वतःला रत्नागिरीपासून पनवेलपर्यंत विचारत आले होते.

"नाहीत, सर. आज रेडिओ नाही म्हणून तांडेल आभाळ बघतात, वारा बघतात, पाण्याचा रंग बघतात. उद्या आपण सांगू, सत्तर मैलांपर्यंत आम्ही आहोत. मग साठ मैलांवर रेडिओ गप्प असला की ते काय समजतील? हवा चांगली आहे असं समजतील. जाळं टाकतील."

केळवकरांची नजर नकळत काचेखालच्या यादीवर गेली आणि तिथून चटकन उचलली गेली.

"सही करा, मिस उकिडवे."

"दहाच्या आकड्याखाली मी सही करणार नाही."

"तुमची परिवीक्षा चालू आहे."

"मला माहीत आहे."

"मी हा कागद दुसऱ्याकडून करून घेऊ शकतो."

"घ्या ना, सर. गणित तेच राहील. फक्त त्याच्या खाली नाव दुसऱ्याचं असेल." मी उठले.  "बारा तारखेला मीही येईन. माझ्या रजेवर, माझ्या खर्चानं. पेटी घेऊन."

"कोणाच्या परवानगीनं?"

"सड्यावर फिरायला परवानगी लागत नाही."

*

बारा मेला सड्यावर छोटा मांडव घातला होता. मुख्य अभियंता हळबे साहेब हसतमुख, स्थूल गृहस्थ होते. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. केळवकरांनी माझ्याकडे पाहण्याचं टाळलं होतं. सखाराम धुतलेला सदरा घालून मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

मी पेटी घेऊन हळबे साहेबांसमोर गेले.

"साहेब, पाच मिनिटं द्याल का? पायाभरणीआधी जमीन तुमच्यासमोर एकदा मोजावी असं वाटतं."

"ह्या कोण?" त्यांनी केळवकरांना विचारलं.

"आमच्या शाखेत आहेत," केळवकर कोरडेपणानं म्हणाले. "रजेवर आहेत."

"रजा घेऊन जमीन मोजायला आल्यात? मग बघायलाच हवं. मोजा, मोजा."

खुंट्यांची भोकं आधीची होती. सखाराम न सांगता पुढे आला आणि त्यानं चारही खुंट्या रोवल्या. मी मूठ फिरवली. काटा उसळून वरच्या टोकाला चिकटला. हळबे साहेबांनी वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"केळवकर, हे तर भलतंच येतंय. अहवालात तुम्ही दहा म्हटलंय ना?"

केळवकर काही बोलायच्या आत मागून साहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आधी पाणी घाला ना. बंगल्यावर अर्थिंगला मी रोज दोन बादल्या घालतो."

"आणि मीठ," गावातला ओव्हरसिअर म्हणाला. "मिठाशिवाय काटा खाली यायचा नाही."

"हो हो, पाण्याशिवाय कसं चालेल?" पेढ्याचं ताट धरलेल्या माणसानंही दुजोरा दिला. हळबे साहेब हसले. "सगळे तज्ज्ञ जमलेत इथं. घाला पाणी, बाई!"

सखाराम खांबाशी जाऊन उभा राहिला होता. त्याचे ओठ हलले. मी त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटले.

"घालते, साहेब," मी म्हणाले.  "पण चार खुंट्यांमध्ये घालून भागणार नाही. लाट या खुंट्यांमधून जाणार नाही, ती सड्यावरून जाणार. इथून समुद्र नऊ किलोमीटर आहे. नऊ किलोमीटर पाणी घालावं लागेल. आणि एकदा घालून चालणार नाही. वादळ यायच्या आदल्या दिवशी दर वेळी घालावं लागेल. ते कोण घालणार, तेवढं ठरवून द्या. मी आत्ता इथे दहाच्या आकड्याखाली सही करते."

कोणी हसलं नाही. 

केळवकर चालत पलीकडच्या चुन्याच्या चौकटीपाशी गेले. फेब्रुवारीत त्यांनी जिथे खुंट्या ठोकल्या होत्या तीच चौकट. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण आतल्या भागात, कातळाच्या छिद्राछिद्रांत, एक पांढरी खरपुडी धरलेली होती. त्यांनी खाली बसून ती नखानं खरवडली. बोट जिभेला लावलं.

चुना खारट नसतो.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे. सखारामनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता बोलतील.

"साहेब," उठत ते हळबे साहेबांना म्हणाले, "फेब्रुवारीतली मोजणी मी केली होती. ती चुकली आहे. माझी चूक आहे. जागा पुन्हा पाहावी लागेल."

"पुन्हा? अहो, आत्ताच नारळ फोडला!"

"नारळाचं काय, दुसरा फोडता येईल," केळवकर म्हणाले. हात झटकत त्यांनी विचारलं, "खाली खाडीजवळ खाजण आहे ना, सखाराम?"

*

केंद्र सात वर्षांनी नाही, अडीच वर्षांनी झालं. त्या अडीच वर्षांत केळवकर माझ्याशी कामापलीकडे एक शब्दही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दोघांनाही एकमेकांचं काहीतरी ठाऊक होतं आणि ते तिसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. सखाराम कायम झाला, हे मला एका यादीत छापलेल्या नावावरून समजलं.

पहिल्या चाचणीच्या दिवशी मी खाजणात होते. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चहूकडे तांब्याच्या तारा चिखलात पुरल्या होत्या आणि दुपारच्या भरतीचं पाणी त्यांच्यावरून चढत होतं. सखारामच्या जावयाचा ट्रॉलर एकाहत्तर मैलांवर होता. सखारामनं माइकवर ओरडून हाक मारली आणि केंद्राच्या खोलीतल्या संचातून जावयाचा आवाज आला, "ऐकू येतंय. लख्ख ऐकू येतंय. सासऱ्यांना सांगा, वरडू नका म्हनावं." मग सखाराम दारात जाऊन पाण्याकडे बघत उभा राहिला.

"बाईसाहेब, हितं माजं काय काम उरलं न्हाय," तो म्हणाला. "दिसातनं दोन डाव दर्याच पानी घालून जातोय."

आज सखाराम नाही. केळवकरही गेल्या वर्षी गेले. म्हणून हे लिहिता येतं. इतकी वर्षं मी ते पाणी कोणी घातलं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि केळवकरांनीही नाही.

निवृत्त होताना मला खात्याकडून एक मानपत्र मिळालं. ते कुठल्या कपाटात आहे हे मला शोधावं लागेल. भिंतीवर चौकटीत एकच कागद आहे. एक्याऐंशीच्या जूनमध्ये आलेला, केळवकरांच्या सहीचा. त्यांना 'उद्धट वर्तन' लिहिता आलं असतं, 'विनापरवाना हस्तक्षेप' लिहिता आलं असतं. त्यांनी मोजून लिहिलं होतं:

"कु. उकिडवे यांनी, वरिष्ठांनी वारंवार सूचना देऊनही, गणनेतील आकडा बदलण्यास नकार दिला. सबब त्यांचा परिवीक्षा कालावधी एक वर्षाने वाढविण्यात येत आहे."